सम तारीख, विषम तारीख

७ डिसेंबर ही विषम तारीख. त्यामुळे पहाटे साडेपाचला सिडकोतून निघाल्यावर जालना रोडनं सरळ क्रांती चौक गाठायचा की दिल्ली गेटवरून जुन्या शहरातून जायचं, हे ठरवण्याचा अधिकार यांचा होता. यांनी जालना रोड निवडला. मला दिल्ली गेट हवा होता. मी गप्प बसले, कारण नियम मीच केला होता.

नियम साधा. सम तारखेला माझा शब्द, विषम तारखेला यांचा. वाट कोणती, मुक्काम कुठं, चहाला कधी थांबायचं, पंक्चर कुणी काढायचं आणि रस्त्यातल्या अनोळखी माणसांच्या प्रश्नांना उत्तरं कुणी द्यायची, सगळं त्या दिवसाच्या मालकाकडे. दुसऱ्यानं सूचना करायची ती एकदाच. दुसऱ्यांदा केली, तर मुक्कामावर दोघांचे कपडे त्यानं धुवायचे. बाजारपेठेत रस्त्याच्या कडेला पी-१, पी-२ अशा पाट्या असतात. सम तारखेला गाडी या बाजूला लावा, विषम तारखेला त्या. दुकानदार, गिऱ्हाईक आणि वाहतूक पोलीस यांचं जिथं निदान कागदावर तरी निभतं, तिथं दोन सायकलींवरच्या नवराबायकोचं का निभू नये, असं मला वाटलं.

आम्हाला सायकलवरून जग फिरायचंय. हे मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले तेव्हा माझी बहीण म्हणाली, ‘आधी गुडघ्यांचा एक्स-रे काढ.’ काढला. गुडघे वयाला शोभतील असे आहेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. हे वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. जगाचा नकाशा मी तीस वर्षं खिळ्याला टांगला आणि तास संपला की गुंडाळून कपाटात ठेवला. पोरं विचारायची, ‘बाई, तुम्ही यातलं काय काय बघितलं?’ मी म्हणायची, ‘डाव्या बाजूचं काहीच नाही, उजव्या बाजूचं नेपाळ.’

गेल्या दिवाळीच्या आसपास एक डच जोडपं दोन रात्री आमच्या घरी उतरलं होतं. सायकलवाल्यांनी सायकलवाल्यांना घरी ठेवून घ्यायची एक जगभर चालणारी पद्धत आहे, ‘वॉर्मशॉवर्स’ नावाची. पैसे घ्यायचे नाहीत. आंघोळीला गरम पाणी, झोपायला जागा आणि जमलं तर जेवण. ही दोघं हॉलंडहून निघून, मधले काही टप्पे विमानानं ओलांडून मुंबईला आली होती आणि वेरूळसाठी वाट वाकडी करून आमच्या शहरात. त्यांच्या नकाशावर शहराचं जुनं नाव होतं, पाट्यांवर नवं. त्या गोंधळात ती नगर नाक्यावर तासभर उभी होती. सामान बघून मी थक्क झाले. तंबू एक, भांडं एक, सुरी एक, चमचे दोन. आमच्याकडे माहेरचा आहेर म्हणून आलेलेच चमचे बावन्न आहेत.

रात्री आमटी-भात खाताना मी त्या बाईला विचारलं, ‘भांडता का?’ ‘रोज,’ ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, ‘चढावर नाही. चौकात.’ चढावर भांडायला श्वासच उरत नाही. चौकात डावं की उजवं हे ठरवावं लागतं आणि त्याच वेळी भूकही लागलेली असते. ती दोघं गेल्यावर मी यांना म्हटलं, जगाचं पुढं बघू, आधी चौकाचं काहीतरी करायला हवं.

चौकाचा तोडगा मला एका जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या नादात सापडला. फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन जोडपं. ज्या वर्षी पुण्यात रँडला गोळ्या घातल्या गेल्या, त्याच १८९७ सालच्या अखेरीला ही दोघं सायकली घेऊन आपल्या उपखंडात उतरली. ती ३८ वर्षांची, तो ५० वर्षांचा. सुमारे अडीच वर्षांच्या दौऱ्यात हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोन आणि जावा मिळून चौदा हजार मैल त्यांनी सायकल मारली. त्यावरचं ‘थ्रू टाउन अँड जंगल’ हे पुस्तक १९०४ साली निघालं. जवळ चहा, साखर, बिस्किटं, डबाबंद मांस, एकेक उशी, एकेक कांबळं आणि पंक्चरचं सामान. अंगात लांब झगा. कधी कधी एका दिवसात चाळीस पंक्चर. रात्री उंदरांच्या संगतीत झोप.

बाई मोठी खमकी होती. पुढं काराकोरममध्ये जाऊन १९१२ साली तिनं हिमनदीच्या पठारावर ‘बायकांना मतदानाचा हक्क द्या’ अशा अर्थाचा वर्तमानपत्राचा मथळा हातात धरून फोटो काढून घेतला. आणि याच काराकोरमच्या मोहिमांत दोघांनी एक रीत पाळली: एका वर्षी तिनं मोहिमेची सगळी व्यवस्था बघायची आणि त्यानं छायाचित्रं, मोजमापं, पुढच्या वर्षी उलट. वर्ष आमच्यासाठी फार लांब. आम्ही तारखेवर आणलं.

वर्कमन बाईंबद्दल मला प्रेम आहे, पण आंधळं नाही. या दोघांना इथली देवळं समजली, माणसं समजली नाहीत. ज्या काळात ती फिरत होती तेव्हा मुंबई इलाख्यात प्लेगनं घरं ओस पडत होती आणि पाठोपाठ छप्पनचा दुष्काळ आला. हमालांवर, नोकरांवर, डाकबंगल्याच्या खानसाम्यांवर त्यांचा राग सारखा फुटत असतो. आपल्या वेगानं जग चालत नाही याचा तो राग. मोटारीत बसलेल्या माणसाला तो येणं मी समजू शकते. सायकलवरच्यांना यावा, याचं मला नवल वाटतं.

आपल्याकडचेही लोक काही मागं नव्हते. मुंबईचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ ला सायकलवरून जगाला चक्कर मारायला निघाले. त्यांतल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी चक्कर पुरी केली आणि मार्च १९२८ मध्ये मुंबईत परतले. अंतर पडलं सुमारे ४४,००० मैल. पंजाब, बलुचिस्तान, इराण असे ते जमिनीवरून गेले. आज मुंबईहून निघालेला सायकलवाला त्या वाटेनं जाऊ शकत नाही. सायकल खोक्यात भरून आधी विमानच गाठावं लागतं. शंभर वर्षांत रस्ते चांगले झाले आणि वाटा कमी झाल्या. आपली वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये १५९ दिवसांत जवळजवळ २९,००० किलोमीटर चालवून आली, बहुतेक एकटी. कॅनडात अस्वल मागं लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं. विशीतली पोर! तिला चौकात विचारायला कुणी नव्हतं, याचा मला कधी हेवा वाटतो, कधी धसका.

आमचा पहिला परदेशी बेत माफक आहे: डॅन्यूबच्या काठानं जर्मनीतल्या पासाऊहून व्हिएन्नापर्यंत, तीनशेच्या वर किलोमीटर, बहुतेक सपाट. त्याची रंगीत तालीम म्हणून घर ते वेरूळ, कन्नड, सिल्लोड, अजिंठा. लोक ज्या दोन जागा बघायला जगाच्या पाठीवरून येतात, तिथं आम्ही आयुष्यभर शाळेची सहल आणि पाहुण्यांची सुमो घेऊन गेलो. वेळापत्रकावरूनच पहिली चकमक झाली. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. बोटं मोजून शनिवारी निघायचं आणि मंगळवारी अजिंठ्याला पोचायचं ठरलं.

तर जालना रोड. इतक्या पहाटे तो खरंच रिकामा होता, हे मान्य. नगर नाका, पडेगाव, मिटमिटा करत उजाडता उजाडता दौलताबाद. इथं महामार्गाच्या मानानं गंमत आहे: रस्ता किल्ल्याच्या तटबंदीतल्या जुन्या वेशीतून जातो आणि वेस काही रुंद होत नाही. समोरून बस, मागून उसाची ट्रॉली, मध्ये सहलीची गाडी आणि सगळे भोंगे एकदम. आम्ही दोघं कडेकडेनं पलीकडं. सायकलवाल्याला राजेशाही वागणूक देणारी जिल्ह्यातली ही एकच जागा. मोरोक्कोचा इब्न बतूता चौदाव्या शतकात इथं आला होता. इथल्या अंधारकोठड्यांत मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत, असं तो लिहून गेला. वर्कमन जोडप्याला हे वाचायला हवं होतं, त्यांना आपल्या उंदरांचं इतकं वाटलं नसतं.

पेरू घेतले, मीठ-तिखट लावून. मग घाट.

हे माझ्यापेक्षा जोरात चालवतात. घाटात दोनशे मीटर पुढं गेले, वळणावर थांबले, पाणी प्याले, किल्ल्याकडे बघत श्वास सावरला. मी धापा टाकत पोचले तेव्हा हे म्हणाले, ‘चल, निघू या.’ आमच्या संसाराचा सारांशच म्हणा! पुढचा थांबतो म्हणजे उपकार करतो असं त्याला वाटतं. पण विसावा मिळतो तो त्यालाच, मागचीला नाही. मी माझी एक सूचना तिथं वापरली: हळू चालणाऱ्यानं पुढं राहायचं. यांनी दोन मिनिटं विचार केला, पाना काढून उगाच माझं सीट अर्धा इंच वर घेतलं आणि म्हणाले, ‘बरं, हो पुढं.’ तेव्हापासून मी पुढं. मागून यांच्या चेनचा आवाज येतो आणि तो लांब गेला की मी हळू होते. या एका बदलानं निम्मी भांडणं गेली. डच बाईला कळवलं, तर तिचं उत्तर आलं की त्यांना हे उमगायला चार देश लागले.

खुलताबादला थोडाच वेळ थांबलो. औरंगजेबाची उघड्यावरची कबर बघायला गाड्या थांबतात; मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे त्या मानानं फारसं कुणी वळत नाही. १६१० मध्ये खडकी गाव वसवून ज्यानं आमच्या शहराचा पाया घातला, नळातून पाणी आणलं, तो हा माणूस. इथिओपियात जन्म, लहानपणी गुलाम म्हणून विक्री, मग बाजारामागून बाजार, अखेर दख्खन. जग बघायची त्याची तऱ्हा ही. आमच्या हौसेचं मला तिथं जरा ओशाळल्यासारखं झालं.

वेरूळला शनिवारची जत्रा. कैलासासमोर सेल्फीची रांग होती, म्हणून यांनी (विषम तारीख) चौदा आणि एकवीस या लेण्यांकडे मोर्चा वळवला. मी मनातून खूश झाले, दाखवलं नाही. दोन्हीकडे शिव-पार्वती सारीपाट खेळताहेत. एवढे दोन मोठे देव, पण कोरणाऱ्यानं त्यांना घरातलंच करून टाकलंय. तिची मान अशी वळलीय की डावात काहीतरी लबाडी झाली असावी. त्याचा हात ‘अगं ऐक तरी’ म्हणत असल्यासारखा. खाली नंदीला गण छळताहेत. आईबाप खेळात रमले की पोरं जे करतात तेच. सहलीला पोरांना रांगेत उभं करून ‘ही लेणी एकूण ३४, बौद्ध १२, हिंदू १७, जैन ५’ असं मी कितीदा सांगितलं असेन. हा डाव मला तेव्हा दिसला नव्हता. पोरं मोजण्यात लक्ष असायचं.

रविवार, ८ तारीख. माझा दिवस.

कन्नडला जाणारा धुळ्याचा महामार्ग आता चौपदरी, गुळगुळीत, कडेला पांढरी रेघ. रेघेच्या आत राहिलं की बिनघोर. तासाभरात मला कंटाळा आला. टापरगावच्या अलीकडे उजवीकडे एक पाणंद दिसली, दोन्ही अंगांना कापूस, मध्ये तूर फुलावर आलेली. एका पोराला विचारलं, ‘हा रस्ता हतनूरला निघतो का?’ ‘निघतो ना मावशी, बैलगाडी जाती.’ हे म्हणाले, ‘काटे असतील.’ सूचना एक, संपली. मी वळले.

पहिला किलोमीटर स्वर्ग होता. दव, कापसाची बोंडं, कुठंतरी आल्याची काढणी चाललेली, तिचा मातीत मिसळलेला वास. दुसऱ्या किलोमीटरला माझं मागचं चाक बसलं. उतरून बघते तर टायरभर सराटे, तुळशीच्या माळेसारखे ओळीनं. यांच्या पुढच्या चाकात बाभळीचा काटा, अंगठ्याएवढा. सायकली तशाच ढकलत एका विहिरीवरच्या मोटारघरापर्यंत आणल्या.

पंक्चर मालकानं काढायचं, म्हणजे मी. शिकले होते, टूलरूमवाल्याच्या हाताखाली चार वेळा सराव केला होता, घरी, पंख्याखाली. शेतातल्या दादांनी घमेल्यात पाणी आणून दिलं. ट्यूब बुडवली की एका बुडबुड्याशेजारी दुसरा. यांच्या दोन आणि माझ्या दोन अशा चार ट्यूबांत मिळून अकरा भोकं. दादा यांच्याकडे बघून म्हणाले, ‘साहेब, बाईमाणसाला कशाला लावलं कामाला?’ हे म्हणाले, ‘आज सम तारीख आहे.’ दादांनी यावर बराच वेळ विचार केला आणि तो काहीतरी उपवासाचा प्रकार असावा अशी स्वतःची समजूत घातली.

कापूस वेचणाऱ्या दोघीतिघी बांधावर येऊन बसल्या. त्यांना तारखेचं काही नवल नव्हतं. माझ्या ओढणीचं होतं. ‘चेनमधी नाही का जात?’ गेली आहे, दोनदा, म्हणून कमरेला बांधते. वर्कमन बाई लांब झगा घालून चौदा हजार मैल कशा गेल्या असतील, हे त्या वेळी त्या बायकांइतकं कुणाला समजलं असतं, असं वाटत नाही. ‘लेकरं कुठंयत?’ एक पुण्याला. ‘मग घरी कोण?’ कुलूप. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. त्या हसण्यात चेष्टा होती असं मला वाटलं नाही. घराला कुलूप घालून नवऱ्याबरोबर बाहेर पडायचं, लग्नाला नाही, मौतीला नाही, दवाखान्याला नाही. एवढंच त्या मनात घोळवत असाव्यात.

माझे पहिले तीन पॅच गळले. चौथाही. हे मोटारघराच्या भिंतीला टेकून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. पस्तीस वर्षं मायक्रॉनमध्ये मोजून काम केलेला माणूस आणि डोळ्यांसमोर बायको ओल्या ट्यूबवर सोल्यूशन फासतेय. चेहऱ्यावरची एकही रेघ हलली नाही, पण पायाचा अंगठा हलत होता. पाचवा पॅच मी उचलला तेव्हा हे म्हणाले, ‘आजचे कपडे मी धुईन. दुसरी सूचना करतो. रबर कोरडं कर, काचपेपरनं घास, सोल्यूशन लावून थांब. बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाब.’

आमच्या लग्नाला तेहतीस वर्षं झाली. त्यांत यांनी मला साडी दिली, दागिना दिला, एकदा न सांगता मुंबईला नाटकाला नेलं. पण त्या वाक्याची सर कशालाच नाही.

पॅच बसले. सोल्यूशनची नळी संपली तेव्हा दादांचा मुलगा मोटरसायकलवर हतनूरला जाऊन नवी घेऊन आला आणि नळीच्या किमतीवर एक पैसा जास्त घेईना. बाजरीची भाकरी, ठेचा, वर कच्चा कांदा. निघालो तेव्हा तीन वाजले होते. सराटे टाळून परत महामार्गावर, पांढऱ्या रेघेच्या आत, निमूट. कन्नडला दिवेलागणीला पोचलो. लॉजच्या न्हाणीत यांनी दोघांचे कपडे धुतले आणि खिडकीच्या गजांना वाळत घातले. वर्कमन पतिपत्नी, एका दिवसात चाळीस! मी त्या रात्री त्यांना त्यांच्या सगळ्या चिडचिडीची माफी देऊन टाकली.

सोमवारचं सांगण्यासारखं थोडं. विषम तारीख, म्हणून पहाटे पाचला उठणं, म्हणून आडवाटेचं नाव नाही, म्हणून पिशोर, भराडी करत सिल्लोड दुपारी दोनच्या आत. मक्याची कणसं रस्त्यावरच वाळत घातलेली, त्यांना वळसे घालत. चहाच्या टपरीवर रोजचा संवाद: माणसं यांच्याभोवती, मी सायकलीला टेकून. ‘कुठून आले? किती गिअर? कितीला पडली? ह्या बी चालवत्या का?’ मी समोर उभी, घामानं भिजलेली, हातात हेल्मेट. तरी प्रश्न यांना. विषम तारखेला मला बोलायचं नसतं, म्हणून चहा प्यायले. पण हे मला देशोदेशी पुरणार आहे, हे मला माहीत आहे. डच बाईनं सांगितलं होतं की तुर्कस्तानात तिच्या चाकाला किती आरे आहेत हेही नवऱ्यालाच विचारायचे.

भराडीच्या अलीकडे मात्र शाळेच्या मुली भेटल्या. आठवी-नववीतल्या, सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलींवर, दप्तरं कॅरिअरला, तिघी तिघी जोडीनं रस्ता अडवून. मानव विकास कार्यक्रमातून या सायकली येतात. शाळा लांब आहे म्हणून पोरींची शाळा सुटू नये हा हेतू. नोकरीत असताना अशा वाटपांच्या याद्या मी केल्यात, तीन प्रतींत. तेव्हा त्या याद्या होत्या. आता त्यातलीच एक पोर माझ्या शेजारी येऊन चाकाला चाक लावून विचारत होती, ‘मॅडम, शर्यत लावता?’ मी मॅडम आहे हे तिनं कशावरून ओळखलं कोण जाणे. लावली. हरले. गिअर नसलेल्या सायकलवर, चपला घालून तिनं मला शाळेच्या फाटकापर्यंत झोपवलं. यांच्याकडे एकीनंही बघितलं नाही. तुम्ही कुठं चालल्या, रात्री भीती वाटत नाही का, मासिक पाळीत काय करता, सगळे प्रश्न मला. विषम तारीख असूनही मी सगळ्यांची उत्तरं दिली आणि हे दहा पावलं मागं, टायरची हवा दाबून बघत उभे राहिले.

मंगळवारी १० तारीख, माझी. सिल्लोडहून गोळेगाव, मग अजिंठा गाव, मग घाटाचा उतार फर्दापूरकडे. हा रस्ता आमच्या पिढीनं कित्येक वर्षं खड्ड्यांसाठी आणि अर्धवट काँक्रीटसाठी ओळखला. उतारावर यांनी पुढं जाऊ का विचारलं, ब्रेक तपासत तपासत. मी नको म्हटलं. अख्खा घाट दोन्ही ब्रेकांवर बोटं ठेवून, ट्रकला वाट देत, पोटात गोळा घेऊन मी पुढून उतरले. खाली आल्यावर हात इतके थरथरत होते की पाण्याच्या बाटलीचं झाकण यांनी काढून दिलं.

फाट्यावर सायकली ठेवून बसनं लेण्यांत. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ रोजी आपलं नाव खरडून ठेवलंय, ते पाहिलं. शिकारीला आलेला माणूस, वाघाऐवजी लेणी सापडली आणि पहिलं काय सुचलं, तर भिंतीवर नाव. आपली पोरं तेच करतात तेव्हा आपण त्यांना रागावतो.

सतराव्या लेण्याच्या दारावर मी खूप वेळ थांबले. वर ओळीनं सात बुद्ध आणि मैत्रेय, आणि त्यांच्या खाली आठ चौकटींत आठ जोडपी बसलेली. कुणी एकमेकांकडे पाहतंय, कुणी रुसलंय, एका ठिकाणी पेल्याची देवघेव. बॅटरीच्या मंद उजेडात एकेक बघत गेले. पंधराशे वर्षं एका चौकटीत दोघांनी बसायचं म्हणजे काय, असा विचार मनात आला. कारण आमची चारच दिवसांची चौकट होती आणि तिच्यात अकरा पंक्चर, दोन घाट आणि एक धुणं झालं होतं. हे मागून म्हणाले, ‘पहारेकरी बाहेर व्हायला सांगतोय.’ सूचना एक.

बाहेर, वाघूर नदीच्या वळणाकडे तोंड करून पायरीवर बसलो. मी वही काढली. डॅन्यूब मे महिन्यात ठरलंय. व्हिसाची तारीख कधीची घ्यायची याचा हिशेब चालला होता. ३१ मे विषम. १ जूनही विषम. मी थांबले. मग जानेवारीपासून एकेक महिना मांडत गेले. एकतीस दिवसांचे महिने सात, आणि त्या प्रत्येकाच्या शेवटी यांना लागोपाठ दोन दिवस मिळतात. भूगोलाबरोबर काही वर्षं गणितही शिकवलं होतं मी, तरी नियम करताना हे माझ्या लक्षात आलं नाही, आणि टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या ते लक्षात आलं नसेल यावर माझा विश्वास नाही. वर्षाच्या ३६५ दिवसांत विषम तारखा १८६ येतात. सम १७९.